उद्या जाऊ तालुक्याला

आषाढात शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही पाड्यावर सकाळी आठनंतर गेलात तर घरात म्हातारी माणसं आणि खुंट्याला बांधलेलं वासरू, एवढंच सापडेल. बाकी सगळे खाचरात. एका टोकाला चिखलणी चाललेली, दुसऱ्या टोकाला डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेतलेल्या, ओणवलेल्या बायकांची रांग, आणि बांधावरून रोपाच्या मुठी फेकणारं एखादं पोरगं, ज्याची शाळा त्या आठवड्यात आपोआप बंद असते. कंबर धरते, पायाच्या बोटांत चिखल्या होतात, अंगावरचा कपडा दिवसभर सुकत नाही. तरी 'आज नको, उद्या लावू' म्हणणारा माणूस या दिवसांत शोधून सापडायचा नाही.

कारण रोप थांबत नाही. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगाच्या सुमारास त्यावर बी पेरायचं आणि २१ ते २५ दिवसांचं रोप उपटून खाचरात लावायचं. महिना उलटला की रोप जून होतं, त्याला फुटवे कमी येतात, आणि फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी. हळवं भात असेल तर घाई आणखी, कारण त्याचं आयुष्यच आखूड. शिवाय या डोंगरउताराच्या जमिनीत पाणी उभं राहतं ते पाऊस पडत असेपर्यंत. चार दिवस पावसाने दडी मारली की केलेली चिखलणी वाया. कोणाला समजावून सांगावं लागत नाही, कोणी नोटीस काढत नाही. सगळं गाव एकाच आठवड्यात शेतात उतरतं.

आता याच घरातली खुंटीवरची कॅरीबॅग खाली काढा. तिच्यात रेशनकार्ड, आधारच्या झेरॉक्स, लाइटबिलं, मुलाचा जातीचा दाखला आणि तळाशी घडीवर घडी पडून फाटत आलेला सातबाऱ्याचा उतारा असतो. उताऱ्यावर खातेदार म्हणून आजोबांचं नाव. आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली, मागोमाग वडीलही गेले, पण दप्तरी आजोबा अजून शेत कसतायत. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "करायचंय हो वारसाचं. जरा लावणी आटपू दे." लावणी आटपते. मग गणपती, मग कापणी-झोडणी, मग दिवाळी, मग लग्नसराई, मग राबाची तयारी, आणि पुन्हा लावणी. म्हशाच्या जत्रेतून आणलेलं कोरं घोंगडंसुद्धा इथे असंच भिजत पडतं.

असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. किन्हवली-डोळखांबपासून टोकावडे-धसईपर्यंत कुठेही दार वाजवा. आणि कायदा तर स्पष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाहक्काने जमीन आली की तीन महिन्यांच्या आत ती खबर तलाठ्याला द्यायची असते. म्हणजे मुदत इथेही आहे. फक्त ही मुदत उलटली म्हणून दुसऱ्या दिवशी काही सुकत नाही, काही वाहून जात नाही.

हेच कोडं या लेखाचा विषय आहे. एकच घर, तीच माणसं. पाठ मोडणारं काम दिवस उजाडायच्या आत सुरू करतात आणि दोन-चार कागद गोळा करण्याचं काम दोन पिढ्या लांबवतात. त्यांना आळशी म्हणून मोकळं होता येत नाही. लावणीच्या आठवड्यात त्यांच्या खाचरात अर्धा तास उभं राहिलेला कोणीही तो शब्द परत घेईल.

मानसशास्त्रातही चालढकल आणि आळस हे वेगळे धरले जातात. आळशाला काम करायचंच नसतं आणि त्याला त्याची टोचणीही नसते. चालढकल करणाऱ्याला काम करायचं असतं, ते टाळल्याने आपलंच नुकसान आहे हेही माहीत असतं, आणि तरीही तो ते पुढे ढकलतो. कॅनडातले संशोधक पिअर्स स्टील यांनी २००७ साली या विषयावरच्या शेकडो अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात दिसलं ते असं: काम जितकं नकोसं आणि त्याचं फळ जितकं दूर, तितकी चालढकल जास्त, आपल्या हातून हे निभेल असा भरवसा कमी असला की आणखी जास्त. चोख काम करण्याच्या हट्टापायी माणसं काम लांबवतात हा लाडका समज मात्र त्या आकडेवारीत टिकला नाही. (मुलाखतीत स्वतःचा दोष विचारला की 'मी जरा परफेक्शनिस्ट आहे' म्हणणाऱ्यांची थोडी पंचाईतच.)

पुढे २०१३ मध्ये फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल यांनी हा धागा आणखी ओढला. त्यांचं म्हणणं असं, की चालढकल हा वेळेच्या हिशेबाचा घोळ कमी आणि मनःस्थिती सांभाळण्याचा प्रकार जास्त आहे. काम डोळ्यांपुढे आलं की त्याबरोबर भीती, कंटाळा, लाज, अपराधीपणा यांतलं काहीतरी वर येतं. काम बाजूला सारलं की ते लगेच खाली बसतं. त्या क्षणापुरती सुटका मिळते, खरोखरची मिळते, म्हणूनच सवय लागते. बिल येतं ते नंतर, आणि ते भरायचं असतं उद्याच्या 'मी'ने, ज्याच्याविषयी आपल्याला परक्या माणसाइतकीच आस्था असते.

वारस नोंदीला हे लावून पाहा म्हणजे कॅरीबॅगचं वजन कळतं.

पहिला कागद मृत्यूचा दाखला. म्हणजे वडील गेले हे पुन्हा एकदा, शिक्क्यासकट, हातात घ्यायचं. आजोबांच्या मृत्यूची त्या वेळी नोंदच केलेली नसेल, आणि जुन्या काळी पाड्यावरच्या कित्येक मृत्यूंची ती झालेली नाही, तर वर्ष उलटून गेल्यामुळे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय दाखला निघत नाही. दुसरा कागद वंशावळीचा. इथे खरी मेख आहे. वंशावळ लिहायची म्हणजे कोणाकोणाची नावं घालायची हे बोलावं लागतं. आत्याचं नाव येतं, मुंबईला गेलेल्या काकाचं येतं, वारलेल्या चुलतभावाच्या बायकोचं येतं. मुलींचा वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हिस्सा हे २००५ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या दुरुस्तीनंतर पक्कं झालं आहे, आणि गावात हे ठाऊक नाही असं कोणी नाही. म्हणूनच विषय काढायचा नसतो. "आत्याला कसं विचारायचं? तिला वाटंल, आम्हाला तिचा हिस्सा खायचाय." आत्यालाही तेच वाटत असतं, उलट्या बाजूने: आपण विचारलं तर माहेर तुटेल. बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्यायचं तर रक्षाबंधनाला येणाऱ्या बहिणीपुढे कागद कसा ठेवायचा? थोरला म्हणतो धाकटा बघेल, धाकटा म्हणतो दादाने काढलं पाहिजे.

तलाठी सजात जाऊन अर्ज देणं हे काम तासाभराचं आहे. त्याच्या आधीचं संभाषण वीस वर्षांचं आहे. घरातली माणसं ढकलत असतात ते संभाषण. अर्ज बिचारा त्याच्यामागे अडकलेला.

त्यात कामाचं स्वरूप धूसर. लावणीत पुढची मूठ कुठे खोचायची हे हाताला माहीत असतं. 'वारसाचं करायचंय' या वाक्यात उद्या सकाळी नेमकं कुठे उभं राहायचं हे कुठेच नाही. ग्रामपंचायतीत? तलाठ्याकडे? की तालुक्याला स्टॅम्पपेपर घ्यायला? अशी कामं मनात एका मोठ्या ढिगाऱ्यासारखी राहतात आणि ढिगाऱ्याला सुरुवातीचं टोक नसतं.

लांबच्या फळाचं आणखी एक गणित आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज एन्स्ली यांनी १९७० च्या दशकात कबुतरांवर प्रयोग केले. आत्ता मिळणारे थोडे दाणे की जरा थांबून मिळणारे जास्त? कबुतरं थोडे दाणे आत्ताच घेत. मजा पुढे आहे. मोह समोर येण्याच्या आधीच तो बंद करणारी एक कळ दिली, तेव्हा काही कबुतरं ती कळ दाबायला शिकली. म्हणजे दुरून पाहताना शहाणपण असतं. घास तोंडाशी आला की ते पळतं. 'दिवाळीनंतर नक्की जाऊ' हे जुलैत म्हणताना माणूस खोटं बोलत नसतो. दिवाळीनंतरचा सोमवार उजाडतो तेव्हा एस.टी.चं भाडं आजचं असतं, बुडणारी मजुरी आजची असते, आणि सातबाऱ्यावर नाव लागण्याचा फायदा कधीतरीचा.

इथे एक गोष्ट सोडून पुढे जाणं अन्यायाचं होईल. गावच्या माणसाची जी दिरंगाई दिसते तिच्यातला मोठा भाग ऑफिसांनी शिकवलेला आहे. आतल्या पाड्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत पायपीट, तिथून एस.टी. किंवा जीप, तालुक्याला पोचेस्तो अकरा, आणि तिथे कळतं की साहेब मीटिंगला गेलेत. एक झेरॉक्स कमी. लिंक नाही. पुढच्या आठवड्यात या. अशा दोन खेपा झाल्या की तिसरी न करणारा माणूस चालढकल करत नसतो, साधा हिशेब करत असतो. सरकारलाही हे माहीत आहे. महाराष्ट्रात २००५ चा एक कायदा आहे, बदल्यांच्या विनियमनाबरोबरच शासकीय कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा. त्यात कोणत्याही कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये असं लिहिलं आहे. दिरंगाईविरुद्ध कायदा करावा लागणं हे स्वतःच पुरेसं बोलकं.

आणि जो खरोखरच हातावर पोट घेऊन जगतो त्याच्याविषयी 'हे लोक उद्याचा विचारच करत नाहीत' असं म्हणणं तर सरळ चूक. या दोन्ही तालुक्यांतली कातकरी कुटुंबं पावसाळ्यात वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतात आणि दिवाळीनंतर ती फेडायला भट्टीवर जातात. मुलांची शाळा सुटते, दाखले राहतात, लसीकरण चुकतं. त्याला चालढकल म्हणायचं? भादव्यात डब्यात तांदूळ नसताना घेतलेली उचल ही उद्याकडे डोळेझाक नव्हे, आजची भाकरी आहे. अशा ओढाताणीत डोकंही कमी चालतं, याचा चांगला पुरावा तामिळनाडूतला आहे. आनंदी मणी, सेंधिल मुलइनाथन, एल्डर शफीर आणि जिआयिंग झाओ यांनी तिथल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर तेच बुद्धीचे खेळ सोडवायला दिले. तीच माणसं पैशाच्या ओढीच्या दिवसांत कमी गुण मिळवत होती. हा अभ्यास २०१३ साली 'सायन्स'मध्ये आला. माणूस बदलला नव्हता, फक्त त्याच्या डोक्यात उधारीचे आकडे फिरत होते. आपल्याकडे सरकारी योजनांचे अर्ज भरून घेण्याचे दिवस नेमके कुठल्या महिन्यात येतात, हे कोणीतरी या अंगाने एकदा पाहायला हवं. खरिपाच्या पीकविम्याची अंतिम तारीख सहसा ३१ जुलै असते. लावणी, पैशाची ओढ आणि सेतू केंद्रातली रांग, तिन्ही एकाच पंधरवड्यात. मग मुदतवाढ मिळते, आणि मुदतवाढ मिळते हे कळल्यामुळे पुढच्या वर्षी ३१ जुलैला कोणी भीत नाही.

ढकललेल्या कामाचं बिल एरवी हळूहळू येतं: पीककर्ज मिळत नाही, आदिवासी विकास महामंडळाच्या भात खरेदी केंद्रावर नोंदणी करताना सातबारा मागतात तेव्हा तोंडं पाहावी लागतात. शहापूरमध्ये ते एकदम आलं, समृद्धी महामार्गाच्या रूपाने. हा तालुका प्रकल्पांना नवखा नाही. मुंबईला पाणी पाजण्यासाठी १८९२ मध्ये तानसा झालं, मग मोडक सागर, मग भातसा. पण समृद्धीची जमीन बरीचशी थेट खरेदीने घेतली गेली, म्हणजे हक्कदारांनी एकत्र येऊन सह्या करायच्या आणि पैसे खात्यात. सुरुवातीचा कडवा विरोध ओसरल्यावर घरोघर प्रश्न उरला तो हा: सही करायची कोणी? उताऱ्यावरची माणसं तर स्मशानात. मोबदल्याआधी वारस ठरवणं भागच होतं, आणि जे बोलणं शांतपणे चहा पिता पिता वीस वर्षांपूर्वी झालं असतं, ते आता लाखांच्या रकमा समोर ठेवून करायचं होतं. आत्या आता हक्कसोड सहजासहजी कशाला लिहून देईल, आणि का द्यावं तिने? इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. भावाभावांतले दावे रस्त्याच्या कडेला चालूच राहिले.

मग उपाय काय? 'निश्चय करा' हा सल्ला मी देणार नाही. निश्चय या घरांत कमी नव्हताच.

त्याच वर्षी, २०२५ मध्ये, महसूल खात्याने 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम राबवली. बुलढाणा जिल्ह्यात आधी करून पाहिलेली ही मोहीम एप्रिलपासून राज्यभर नेली. गावोगावी चावडी वाचन करायचं, उताऱ्यावरची मयत खातेदारांची नावं मोठ्याने वाचायची, याद्या करायच्या, वारसांकडून कागद घ्यायचे आणि फेरफार नोंदवून द्यायचे. मोहिमेत किती काम चोख झालं आणि किती आकड्यांपुरतं, हा वेगळा विषय. पण तिची रचना पाहण्यासारखी आहे. खेप वाचली, कारण ऑफिस गावात आलं. तारखा ठरल्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, विषय कोणी काढायचा हा पेच सुटला. थोरल्याला बहिणीसमोर कागद ठेवावा लागला नाही. चावडीवर आजोबांचं नाव पुकारलं गेलं आणि घरी येऊन 'सरकारचं आलंय, करायलाच पाहिजे' एवढंच म्हणायचं उरलं. त्याआधीपासून ई-हक्क प्रणालीवर वारस नोंदीचा अर्ज ऑनलाइन करण्याची सोय आहेच. तिने एस.टी.चं भाडं वाचतं. आत्याशी बोलणं वाचत नाही.

लोकांचं मन बदलण्यापेक्षा कामाच्या वाटेतला खडा काढणं जास्त लागू पडतं, याचं एक उदाहरण राजस्थानातलं. उदयपूरच्या खेड्यांत मुलांचं लसीकरण फार कमी होतं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी सेवा मंदिर या संस्थेबरोबर प्रयोग केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. जिथे काहीच केलं नाही त्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुलं ६ टक्के. जिथे ठरल्या दिवशी न चुकता शिबिर लागायचं तिथे १८ टक्के. आणि जिथे शिबिराबरोबर दर खेपेला एक किलो डाळ आणि सगळ्या लसी झाल्यावर थाळ्यांचा संच दिला, तिथे ३९ टक्के. एक किलो डाळीसाठी कोणी आपल्या मुलाबद्दलचं मत बदलत नाही. आईबापांना लस द्यायचीच होती. 'पुढच्या महिन्यात' देण्याऐवजी या महिन्यात द्यायला काहीतरी निमित्त हवं होतं. आपल्याकडचे हिशेबी लोक याला लाच म्हणतील. मला ते निमित्तच वाटतं.

दुसरं उदाहरण शेतकऱ्याला जास्त जवळचं, केनियाच्या पश्चिम भागातलं. तिथले मक्याचे शेतकरी दरवर्षी पुढच्या हंगामाला खत घेऊ म्हणत आणि पेरणीच्या वेळी हात रिकामा. डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी काय केलं, तर कापणी झाल्या झाल्या, पैसा हातात असताना, घरी माणूस पाठवला: आत्ता पैसे भरा, पेरणीच्या वेळी खत फुकट घरपोच. खताच्या किमतीत सूट नाही, फक्त वेळ बदलली. खत वापरणाऱ्यांचं प्रमाण चांगलंच वाढलं. मुरबाडच्या बाजूला भाताचे पैसे येतात ते दिवाळीच्या पुढे आणि बी-खताची आठवण होते मे महिन्यात. मधल्या सहा महिन्यांत लग्न असतं, जत्रा असते, दवाखाना असतो. पैसा आला त्याच दिवशी दुकानदाराकडे बियाण्याचे पैसे भरून पावती घेणारा माणूस स्वतःच्या स्वभावाला ओळखून असतो, एवढंच.

घरच्या घरी करण्यासारख्या गोष्टींत जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांची युक्ती मला सगळ्यांत उपयोगी वाटते, कारण तिला पैसा लागत नाही. काम 'करायचंय' असं न ठरवता ते कधी, कुठे आणि कशानंतर करायचं हे ठरवायचं. त्यांनी विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटं टिपण लिहून पाठवायला सांगितलं. ज्यांनी वेळ आणि जागा आधी लिहून ठेवली त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांशांनी ते वेळेत लिहिलं. ज्यांनी नुसतं 'लिहू' म्हटलं त्यांतल्या जेमतेम एक-तृतीयांशांनी. तेव्हा 'वारसाचं करायचंय' हे वाक्य घरात वापरणं बंद करावं. त्याऐवजी: शुक्रवारी पोराला शाळेत सोडलं की तसंच ग्रामपंचायतीत जाऊन बाबांच्या मृत्यूचा दाखला मागायचा. बस, शुक्रवारचं काम तेवढंच. वंशावळीचा विषय त्या दिवशी काढायचाही नाही. दाखला हातात आला की पुढची पायरी आपोआप दिसू लागते: अर्ज, गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद, चौकशी, मग फेरफार, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. वाचायला लांबलचक वाटतं, पण यांतल्या बऱ्याच पायऱ्या आपल्या नाहीत, त्यांच्या आहेत.

एकट्याने करायच्या कामाला सोबत जोडली तर ते पुढे जातं, हेही इथे नवीन नाही. लावणीला अजून बऱ्याच पाड्यांवर सावड चालते: आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. मजुरी वाचते हे खरंच, पण सावडीत उद्याचा दिवस दुसऱ्याने ठरवलेला असतो आणि दहा माणसं दारात येऊन उभी राहतात, हा भागही तितकाच मोठा. म्हैसूरमध्ये डेटा एंट्री करणाऱ्या कामगारांवर सुप्रीत कौर, क्रेमर आणि मुलइनाथन यांनी वर्षभराहून जास्त काळ अभ्यास केला. पगाराचा दिवस जवळ आला की कामगार जास्त काम करत. शिवाय त्यांना एक विचित्र करार देऊ केला: स्वतःचं उद्दिष्ट स्वतः ठरवा, चुकलं तर निम्मेच पैसे, साधलं तर नेहमीएवढेच. वरून काहीच जास्त नाही, फक्त तोट्याची भीती. आणि बऱ्याच जणांनी तो पत्करला. आपण उद्या ढकलणार हे माणसाला आतून माहीत असतं, आणि संधी मिळाली तर तो स्वतःला बांधूनही घेतो. वारस नोंदीची सावड करायला काय हरकत आहे? पाड्यावरच्या चार घरांनी एकच दिवस ठरवायचा, एकच जीप करायची, चौघांचे कागद एका पिशवीत. ज्याला जायचं नसेल त्याला निदान तीन शेजाऱ्यांना तसं तोंडावर सांगावं लागेल.

अपराधीपणाचा मात्र इथे काडीचा उपयोग नाही. कार्लटन विद्यापीठातल्या अभ्यासात, २०१० मध्ये, असं दिसलं की पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात टाळाटाळ केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ कमी केली. ज्यांनी स्वतःला कोसत ठेवलं त्यांना पुस्तक पाहिलं की आधी ती बोचणीच आठवायची, आणि पुस्तक मिटलं जायचं. वीस वर्षं नोंद केली नाही म्हणून पोराने बापाला आणि सुनेने सासऱ्याला टोमणे मारले की पुढची दोन वर्षं तो विषय निघत नाही. सजात गेल्यावर 'इतकी वर्षं झोपला होतात काय?' हा प्रश्न कानावर पडतोच. तो विचारणाऱ्याला कल्पना नसते की त्याने समोरच्याची पुढची खेप रद्द केली.

नावं लागल्यावरही सगळं झालं असं नाही. वारसांची नावं सामाईक लागतात. कोणाचा बांध कुठला हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी कलम ८५ प्रमाणे वाटप, मग मोजणी, मग पोटहिस्सा. 'जिवंत सातबारा'त ज्यांची नावं चढली त्यांतल्या बऱ्याच घरांत आता हा नवा कागद कॅरीबॅगेच्या तळाशी गेला असेल. तो काढायला बरा काळ म्हणजे झोडणी झाल्यावरचे आठ-पंधरा दिवस: पैसे हातात असतात, खाचरं मोकळी असतात, मोजणीवाल्यांना बांध दिसतात, आणि भाऊबीजेला आलेली बहीण अजून माहेरीच असते.